पायरसी साइट चालवणाऱ्यांना तुरुंगवास: पण शिक्षा मोजली कोणी?

माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘फाइल-शेअरिंग साइट चालवणाऱ्यांना कठोर शिक्षा केल्यास अधिकृत विक्री वाढते, असे अभ्यासांतून सिद्ध झाले आहे.’ पुढे दोन संदर्भ. सल्लागार समितीच्या बैठकीत गाइड मॅडमनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “यातल्या कुठल्या पेपरात शिक्षा आहे?”

मी म्हटलं, “मॅडम, मेगाअपलोडच्या केसमध्ये...”

“कोणाला झाली? किती वर्षांची? अभ्यासाच्या काळात झाली का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपर मी वाचले होते, पण त्यांनी काय मोजलंय हे पाहिलं नव्हतं; निष्कर्ष आवडला आणि उचलला. ही पोस्ट त्या एका वाक्याची चिरफाड आहे. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, प्रपोजल लिहीत असाल, तर हीच चूक तुमच्याही हातून होऊ शकते.

तीन पेपर, तीन वेगळ्या गोष्टी

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा पेपर डॅनहर आणि स्मिथ यांचा, २०१४ चा. १९ जानेवारी २०१२ ला अमेरिकी सरकारने मेगाअपलोड बंद पाडलं. संशोधकांनी १२ देशांतली दोन मोठ्या स्टुडिओंची डिजिटल विक्री पाहिली. युक्ती साधी आणि छान आहे: ज्या देशात मेगाअपलोड जास्त वापरलं जायचं, तिथे ते बंद झाल्यावर विक्री जास्त वाढली का? उत्तर आलं, हो. पुढच्या १८ आठवड्यांत या स्टुडिओंचं डिजिटल उत्पन्न साडेसहा ते साडेआठ टक्क्यांनी वाढलं.

आता तारखा बघा. १८ आठवडे म्हणजे साधारण मे २०१२ पर्यंत. तोवर या केसमध्ये एकालाही शिक्षा झालेली नव्हती. अमेरिकेत पहिली शिक्षा झाली फेब्रुवारी २०१५ मध्ये, एका प्रोग्रामरला, एक वर्ष आणि एक दिवस. न्यूझीलंडमध्ये दोघा जणांना शिक्षा झाली ती थेट २०२३ मध्ये. म्हणजे पेपर मोजतो तो साइट बंद पडण्याचा आणि त्याच सुमारास झालेल्या अटकेच्या बातमीचा एकत्रित परिणाम. तुरुंगवासाचा नाही.

त्यातही सगळ्यांनाच फायदा झाला असं नाही. पॉइकर्ट, क्लाउसेन आणि क्रेचमर यांनी त्याच घटनेनंतरची थिएटरची कमाई पाहिली, तेव्हा मोठ्या चित्रपटांना फायदा दिसला, पण छोट्या-मध्यम चित्रपटांचं उत्पन्न उलट घटलेलं दिसलं.

दुसरा पेपर आडेरमॉन आणि लियांग यांचा, स्वीडनवर. १ एप्रिल २००९ ला तिथे नवा कायदा लागू झाला. त्यानुसार हक्कधारक कंपन्या कोर्टामार्फत इंटरनेट कंपनीकडून आयपी पत्त्यामागच्या माणसाची ओळख मागू शकत होत्या. शेजारी देशांशी तुलना करता पहिल्या सहा महिन्यांत इंटरनेट ट्रॅफिक १६ टक्के घटला, संगीताची विक्री ३६ टक्के वाढली. आणि सहा महिन्यांनी हा परिणाम जवळजवळ पुसला गेला. लेखकांच्या मते संभाव्य कारण म्हणजे ढिली अंमलबजावणी. पण हा कायदा होता वापरणाऱ्यांची ओळख पटवण्यासाठी. साइट चालवणाऱ्याची शिक्षा त्यानं एका दिवसानंही वाढवली नव्हती.

तिसरा, आगियार, क्लाउसेन आणि पॉइकर्ट यांचा, २०१८ चा. जून २०११ मध्ये जर्मनीतली किनो.टो ही साइट बंद पडली, चालवणाऱ्यांना अटक झाली. पायरसी घटली, पण थोडाच काळ. अधिकृत सेवांकडे लोक फारसे वळले नाहीत. आणि एका मोठ्या साइटच्या जागी बाजार अनेक साइट्समध्ये विखुरला. मुख्य चालकाला साडेचार वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती वर्षभरानंतर, जून २०१२ मध्ये. म्हणजे इथेही परिणाम आधी मोजला, शिक्षा नंतर आली.

तिन्ही अभ्यास आपापल्या जागी नीट केलेले आहेत. गडबड त्यांच्यात नाही, त्यांना ‘शिक्षेचा पुरावा’ म्हणून वापरणाऱ्या आपल्यात आहे.

मग शिक्षेची केस कुठली?

शिक्षा झाली पण साइट चालूच राहिली, अशी केस हवी. ती आहे: द पायरेट बे.

मे २००६ मध्ये पोलिसांनी सर्व्हर जप्त केले, साइट काही दिवसांतच परत आली. फेब्रुवारी २००९ मध्ये स्टॉकहोमला खटला सुरू झाला. साइटवर चित्रपट किंवा गाणी साठवलेली नव्हती, टोरंट फाइली होत्या. म्हणून आरोप होता ‘सहाय्य’ केल्याचा. दुसऱ्याच दिवशी सरकारी वकिलांनी प्रती बनवण्यास मदत केल्याचा आरोप मागे घेतला आणि कृती लोकांना उपलब्ध करून देण्यास मदत केल्याचा ठेवला. १७ एप्रिल २००९ ला निकाल: चौघांना प्रत्येकी एक वर्ष कैद आणि ३ कोटी क्रोनर भरपाई. २०१० मध्ये अपिलात तिघांची कैद कमी होऊन दहा, आठ आणि चार महिने झाली, भरपाई मात्र वाढून ४ कोटी ६० लाख क्रोनर झाली. चौथा आजारपणामुळे गैरहजर होता. त्याची एक वर्षाची शिक्षा नंतर कायम झाली.

आणि साइट? ती चालूच. डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा छापा पडला, साइट बंद पडली आणि ३१ जानेवारी २०१५ ला परत आली.

लगेच ‘म्हणजे शिक्षेचा उपयोग शून्य’ असं लिहायचा मोह होतो. थांबा, तेही सिद्ध होत नाही. ही शिक्षा झाली नसती तर आणखी किती जणांनी अशा साइट काढल्या असत्या, हे आपल्याला या एका केसवरून कळत नाही. शिवाय तारखा परत बघा: नवा कायदा १ एप्रिलचा, निकाल १७ एप्रिलचा. मधे १६ दिवस. त्या उन्हाळ्यात एखादा स्वीडिश विद्यार्थी डाउनलोड करताना बिचकला असेल, तर कायद्याला घाबरून की निकालाची बातमी ऐकून? महिनावार आकड्यांतून हे दोन धागे वेगळे काढणं फार अवघड आहे. (स्पॉटिफायचं काय, असं कोणी विचारेल. ते ऑक्टोबर २००८ मध्ये स्वीडनबरोबर नॉर्वे-फिनलंडमध्येही सुरू झालं होतं, त्यामुळे शेजाऱ्यांशी तुलना केली की तो प्रश्न बराचसा सुटतो. निकालाचा प्रश्न तसा सुटत नाही.)

आपण चुकीची गोष्ट मोजतोय

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. चालकाला तुरुंगात टाकण्यामागचा दावा असा असतो की इतर लोक अशी साइट चालवायला धजावणार नाहीत. मग मोजायला काय हवं? नवीन साइट किती निघाल्या, जुन्या किती जणांनी स्वतःहून बंद केल्या, कोण दुसऱ्या देशात गेलं. आपण मोजतो काय? चित्रपटांची विक्री. का, तर तो आकडा स्टुडिओकडे तयार असतो. जे मोजता येतं तेच महत्त्वाचं, असं समजण्याची ही जुनी खोड आहे. आणि चालकांबद्दल थोडंफार सांगणारा किनो.टोचा अभ्यास तर सांगतो की बाजार विखुरला.

गुन्हेशास्त्रात बेकारियानं १७६४ मध्येच मांडलं होतं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री माणसाला जास्त रोखते. डॅनिएल नेगिनसारख्या आजच्या अभ्यासकांचा कलही पकडलं जाण्याच्या शक्यतेकडे आहे, वर्षांच्या आकड्याकडे नाही. स्वीडनमधला परिणाम सहा महिन्यांत विरला, तो याच्याशी जुळतो.

याला एक दमदार उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. फौजदारी कायदा नसता तर छापा, जप्ती, अटक हे झालंच नसतं. म्हणजे साइट बंद पडण्याचं श्रेय शेवटी फौजदारी कायद्याचंच. मला हे मान्य आहे. पण मग श्रेय जप्तीच्या अधिकाराला जातं. कैद एक वर्षाची असावी की पाच, याबद्दल त्यातून काहीच निघत नाही. दुसरं उत्तर न्यायाचं: दुसऱ्याच्या कष्टावर जाहिरातीचा पैसा कमावला, तर शिक्षा व्हायलाच हवी, कोणी घाबरो न घाबरो. हाही प्रामाणिक युक्तिवाद आहे. फक्त मग विक्रीचे आकडे पुढे करू नका.

आपल्याकडे हे पुस्तकी उरलेलं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आला, कमाल दंड निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. यावर कोणीतरी प्रबंध लिहीलच, आणि त्यात ‘कठोर शिक्षेने पायरसी घटते’ हे वाक्य येईलच. ते लिहिणारे तुम्ही असाल तर आधी एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा: घटना काय होती, शिक्षा कधी झाली, आकडे कुठल्या काळातले. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी ते बैठकीच्या आधी केलं नाही, नंतर केलं.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: ‘मोठी साइट बंद पडल्यानंतर काही महिने काही हक्कधारकांची विक्री वाढल्याचे दिसते, चालकांच्या तुरुंगवासाचा स्वतंत्र परिणाम या अभ्यासांनी मोजलेला नाही.’ रुक्ष आहे खरं. पण मॅडमनी त्यावर खूण केली नाही.