सर सिरिल बर्ट यांचीं जुळ्यांचीं कोष्टकें

ज्या वादाची चिकित्सा आम्ही येथें करणार आहों तो बुद्धिमापनशास्त्रांतला असून घडला इंग्लंडांत. जुनीं दफ्तरें चाळणाऱ्या वाचकांना त्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, हा वाद शेवटीं कागदांचा आहे. अस्सल कोणतें, नक्कल कोणती, मूळ कोठें गेलें, आणि नकलेंतील आंकडा लिहिणाऱ्यानें पाहून लिहिला कीं मनानें, हेच प्रश्न त्यांत आहेत. आणि ते मानसशास्त्रज्ञांपेक्षां आपल्या मंडळींच्या अधिक परिचयाचे आहेत.

सर सिरिल बर्ट (१८८३–१९७१) हे १९१३ सालीं लंडन कौंटी कौन्सिलाचे मानसशास्त्रज्ञ झाले, व १९३२ पासून १९५० पर्यंत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक होते. बुद्धि ही मुख्यतः वंशपरंपरेनें येते हा त्यांचा सिद्धान्त, आणि त्याचा बळकट आधार म्हणजे एकाच बीजापासून जन्मलेलीं परंतु लहानपणींच ताटातूट होऊन निरनिराळ्या घरीं वाढलेलीं जुळीं भावंडें. बीज एक, घरें दोन. तेव्हां बुद्धिपरीक्षेंतील त्यांचे गुण जुळले तर तें साम्य घराचें नव्हे, बीजाचें, असा हा तर्क. साम्य मोजणाऱ्या आंकड्यास सहसंबंधांक म्हणतात. संपूर्ण साम्य असल्यास तो १ येतो, साम्याचा मागमूस नसल्यास ०.

आतां कोष्टकें पाहूं. १९५५ सालीं बर्ट यांनीं ताटातूट झालेल्या २१ जोड्यांचा हिशेब छापला. सामुदायिक परीक्षेंतील सहसंबंधांक ०.७७१. १९५८ त जोड्या तिसांहून अधिक झाल्या, अंक ०.७७१. १९६६ त जोड्या ५३ झाल्या. अंक पुन्हां ०.७७१. एकाच घरीं वाढलेल्या एकबीज जुळ्यांचा अंक तिन्ही ठिकाणीं ०.९४४, आणि त्या जोड्या १९५५ त ८३ होत्या, १९६६ त ९५.

आमचें आयुष्य शाळेंत उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. दोन मुलांचीं बरोबर उत्तरें सारखीं आलीं तर त्यांत संशयास जागा नाहीं. चूक शेवटच्या दशांशस्थळापर्यंत सारखी आली, म्हणजे दोघे कोणत्या बाकावर बसले होते हें विचारावें लागतें. पोथ्यांचीं कुळें लावतांना हाच न्याय चालतो. शुद्ध पाठ दोन पोथ्यांत सारखा असल्यानें त्यांचें नातें सिद्ध होत नाहीं, अपपाठ सारखा असल्यानें होतें. भांडारकर संस्थेचें महाभारताचें काम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें सांगावयास नको. जोड्या दुपटीहून अधिक वाढल्या असतां तिसरें दशांशस्थळ न हलणें हा असाच अपपाठ होय.

हें प्रथम चव्हाट्यावर आणलें अमेरिकेंतील प्रा. लिऑन केमिन यांनीं, १९७४ सालीं. म्हणजे पहिल्या कोष्टकानंतर १९ वर्षांनीं! तिन्ही लेख छापील, कोणत्याही ग्रंथालयांत मिळणारे. पण ते शेजारीं ठेवून वाचण्याचें कोणास सुचलें नाहीं. मध्यंतरीं १९६९ त आर्थर जेन्सन यांनीं याच आंकड्यांचा मोठा आधार घेऊन, गरीब व कृष्णवर्णी मुलांवर केलेल्या जादा शिक्षणाच्या खर्चास यश कां येत नाहीं याची मीमांसा केली होती. लाखों मुलांच्या शाळेचा प्रश्न ज्या कागदावर तोलला गेला तो कागद कोणीं पडताळला नव्हता. जेन्सन यांनींही १९७४ सालींच बर्ट यांचे आंकडे एकत्र मांडून ते पुराव्यास निरुपयोगी ठरविले, हें त्यांना भूषणावह आहे. उलट, इंग्लंडांतील अकराव्या वर्षींच्या परीक्षेचें सारें पाप या कोष्टकांच्या माथीं मारणाऱ्यांनीं सनावळी पाहिलेली दिसत नाहीं. तो शिक्षणकायदा १९४४ चा. हीं कोष्टकें १९५५ पासूनचीं.

२४ ऑक्टोबर १९७६ च्या ‘संडे टाइम्स’मध्यें ऑलिव्हर गिली यांनीं उघड लबाडीचा आरोप केला. बर्ट यांच्या सहायक म्हणून ज्यांचीं नांवें येतात त्या हॉवर्ड व कॉन्वे या बाई कोठेंच सांपडत नाहींत, असें त्यांचें म्हणणें. आरोपाचा हा भाग आम्हांस सर्वांत दुबळा वाटतो. दफ्तरांत नांव नाहीं म्हणून माणूसच नव्हता, हें अनुमान आपल्याकडेंही पुष्कळांना भोंवलें आहे. पुढें हॉवर्ड बाईंना पाहिल्याचें सांगणारे निघालेच.

खरें वजन आहे तें लेस्ली हर्नशॉ यांच्या १९७९ च्या चरित्रास. हर्नशॉ शत्रुपक्षाचे नव्हते. बर्ट यांच्या भगिनीच्याच इच्छेवरून त्यांनीं हें काम पतकरलें होतें. त्यांच्या हातीं रोजनिशी आली. डिसेंबर १९६८ मध्यें हार्वर्डच्या क्रिस्टोफर जेंक्स यांनीं ५३ जोड्यांचे मूळ गुण मागितले होते. बर्ट यांनीं जानेवारीच्या अखेरीस यादी पाठविली, व नाताळांत आपण बाहेर होतों, कागद कॉलेजांत असून कॉलेज बंद होतें, अशी विलंबाची सबब लिहिली. रोजनिशी सांगते कीं, जानेवारीच्या आरंभीं ते जेंक्स यांच्यासाठीं जुळ्यांचे आंकडे तयार करीत बसले होते. एकाच हातचें पत्र आणि एकाच हातची रोजनिशी. एक दुसऱ्यास दाखविण्यासाठीं, एक स्वतःपुरती. विरोध आला असतां आम्ही कोणती प्रमाण मानतों, हें सांगणें नको.

रॉबर्ट जॉइन्सन (१९८९) व रोनाल्ड फ्लेचर (१९९१) यांनीं बर्ट यांचा कैवार घेतला. जुना अंक नव्या लेखांत नजरचुकीनें तसाच उतरला असेल, असें त्यांच्या पक्षाचें समाधान आहे. ०.७७१ पुरतें तें आम्ही अशक्य मानीत नाहीं. लेखकप्रमाद लबाडीहून किती तरी अधिक घडतात. १९५५ पूर्वींच्या कांहीं जोड्या खऱ्या असण्याचाही संभव आहे. परंतु रोजनिशीस हें समाधान पुरत नाहीं. शिवाय मूळ कागद महायुद्धांतील बाँबहल्ल्यांत नष्ट झाले असें बर्ट सांगत, आणि उरलेल्यांपैकीं बरेचसे त्यांच्या मृत्यूनंतर जाळून टाकण्यांत आले. ज्यानें तो सल्ला दिला त्यास संशोधक म्हणवतें, हें वाचून आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं.

आतां शेवटचा मुद्दा. १९९० सालीं मिनेसोटा येथील थॉमस बूशार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ताटातूट झालेल्या शंभरांहून अधिक जुळ्यातिळ्यांच्या परीक्षा प्रसिद्ध केल्या, आणि त्यांचा निष्कर्ष बर्ट यांच्या जवळपासच आला: बुद्ध्यंकांतील फरकांपैकीं सुमारें ७० टक्के फरक आनुवंशिक. तेव्हां बर्ट बरोबरच होते, असें त्यांचे कैवारी म्हणूं लागले. वतनाचे तंटे ज्यांनीं वाचले आहेत त्यांना ही युक्ति जुनी आहे. घराण्याकडे वतन खरोखरच असतें, सनद मात्र मागाहून केलेली असते. वतन खरें ठरल्यानें सनद अस्सल होत नाहीं, आणि सनद बनावट निघाल्यानें वतनही बुडत नाहीं. मिनेसोटाच्या निष्कर्षाचा निकाल मिनेसोटाच्या कागदांवरून लागेल. तेथेंही दत्तक घरें कितपत भिन्न होतीं, भावंडें केव्हां विभक्त झालीं व पुन्हां केव्हां भेटलीं, हें शोधणें अवश्यच आहे.

राहतां राहिली जेंक्स यांना पाठविलेली ५३ जोड्यांची यादी. तिच्यामागील मूळ टिपणें उपलब्ध नसल्यामुळें ती जानेवारी १९६९ चा लेख म्हणूनच वापरावी. तिच्यावर १९६६ ची तारीख कोणीं घालूं नये.