कोणती आष्टी? जिओकॅशिंगचं कोडं, इतिहासाचे प्रश्न आणि वैधता

संशोधन पद्धतीच्या पेपरात विश्वसनीयता आणि वैधता यांच्या व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. फरक उदाहरणानं सांगा म्हटलं की मात्र सगळे एकाच वजनकाट्याकडे धावतात: काटा रोज दोन किलो जास्त दाखवतो, म्हणजे तो विश्वसनीय आहे पण वैध नाही. उदाहरण बरोबर आहे, पण ते लिहून तुम्हाला स्वतःच्या प्रश्नावलीतला दोष सापडत नाही. म्हणून आज काटा बाजूला ठेवू आणि एका खेळातल्या कोड्याची चिरफाड करू. खेळ जिओकॅशिंगचा, विषय इतिहासाचा, आणि जागा आपली आष्टी, जिल्हा बीड.

खेळ काय आहे

अमेरिकेनं २ मे २००० रोजी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ सुरू झाला. कुणीतरी डबा लपवतो, बाकीचे तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा परत जागेवर ठेवतात. या डब्याला 'कॅश' म्हणतात. पैशांशी त्याचा संबंध नाही.

यातला एक प्रकार कोड्यांचा. इथे नकाशावर दाखवलेला बिंदू खरा नसतो. प्रश्न सोडवायचे, उत्तरांतले अंक अक्षांश-रेखांशात भरायचे, मग खरी जागा मिळते. ती दाखवलेल्या बिंदूपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असावी असा सर्वसाधारण नियम आहे. देशाच्या इतिहासातली सनं या कामाला फार सोयीची पडतात, कारण प्रत्येक सनातून अंक आयता मिळतो.

आष्टीसाठी असं कोडं कसं दिसेल? खालचा नमुना मी समीक्षेसाठीच बनवला आहे, खऱ्या कुठल्या डब्याचा नाही. पण या प्रकारातली कोडी साधारण याच साच्याची असतात.

दाखवलेला बिंदू: उत्तर १८° ४८.०००', पूर्व ७५° १०.०००'
खरी जागा: उत्तर १८° ४अ.बकड', पूर्व ७५° १०.१५०'

अ: आष्टीच्या लढाईच्या वर्षाचा शेवटचा अंक
ब: शिवाजी महाराजांच्या जन्मवर्षाचा शेवटचा अंक
क: स्वातंत्र्याच्या वर्षाचा शेवटचा अंक
ड: चिमूर-आष्टी आंदोलनाच्या वर्षाचा शेवटचा अंक

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेला कुणीही दोन मिनिटांत लिहील: १८१८, १६३०, १९४७, १९४२. अक्षांश आला ४८.०७२. डबा सापडला, काम झालं. मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण: उत्तर बरोबर, समज चुकीचा

आष्टीची लढाई २० फेब्रुवारी १८१८ची. बापू गोखले त्यात पडले आणि साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या ताब्यात गेले. पण ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातली, आपल्यापासून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. ऑगस्ट १९४२ मध्ये लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले ती आष्टी वर्धा जिल्ह्यातली, जिला 'आष्टी (शहीद)' म्हणतात. ती सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास. गडचिरोली जिल्ह्यात आणखी एक आष्टी आहे, ती वेगळीच.

म्हणजे चारपैकी दोन प्रश्नांत 'आष्टी' हा शब्द आहे आणि दोन्हींतली आष्टी ही नाही. तरी कोडं सुटतं! सोडवणारा बीडच्या आष्टीत डबा उघडतो आणि बापू गोखले इथेच कुठेतरी पडले असं मनात धरून घरी जातो. प्रश्नानं त्याची चूक उघडी तर पाडली नाहीच, उलट डबा हातात देऊन तिच्यावर शिक्का मारला.

इथे वैधतेचा अर्थ नीट कळतो. अनेक कोड्यांना उत्तर तपासायची सोय जोडलेली असते. ती 'बरोबर' म्हणाली याचा अर्थ तुमचं उत्तर कोडं बनवणाऱ्याच्या उत्तराशी जुळलं, एवढाच. शंभर जणांनी सोडवलं तरी शंभरांना तोच डबा सापडेल, म्हणून विश्वसनीयता उत्तम. पण या शंभरांना आष्टीचा इतिहास कळला का? ते या साधनानं मोजलंच नाही. नेटच्या तात्पुरत्या उत्तरतालिकेवर हरकत घेता येते. कोड्याच्या डब्याशी वाद घालता येत नाही.

दुसरी अडचण: चुकीचं वजन कोण ठरवतं

आता थोडं गणित. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक एकनं चुकला तर १८५ मीटर, दुसरा चुकला तर १८.५ मीटर, तिसरा चुकला तर जेमतेम १.८५ मीटर.

'ब' बघा. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ की १६३० हा वाद दीर्घकाळ चालला. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीनं १६३०ची बाजू भक्कम केली आणि राज्य शासन आता १९ फेब्रुवारी १६३० धरतं. जुन्या पुस्तकावर वाढलेल्या माणसानं ७ भरला तर तो १.३ किलोमीटर उत्तरेला, कुणाच्या तरी रानात जाऊन उभा राहील.

'क' मध्ये कुणी १९४८ धरून ८ भरला तर? तो फक्त अठरा-एकोणीस मीटर सरकेल. आजूबाजूला चार दगड उलटले की डबा सापडेल, आणि आपण वेगळं उत्तर दिलं होतं हे त्याच्या लक्षातही येणार नाही.

पण आष्टीपुरतं बोलायचं तर या चारांत सगळ्यात मोठा प्रश्न 'क' आहे. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९४७ला शेजारचं जामखेड स्वतंत्र भारतात होतं, आष्टी नव्हती. इथे तो दिवस १७ सप्टेंबर १९४८ला उगवला. चुकीचं वजन प्रश्नाच्या महत्त्वावरून ठरलं नाही, अंक कुठल्या जागी बसवला यावरून ठरलं. तुमच्या प्रश्नावलीत 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी वीस विधानं असतात आणि सगळ्यांचे गुण तुम्ही सरळ बेरजेत टाकता, तेव्हा हाच प्रकार होतो. वजन न देणं हाही वजन देण्याचाच एक निर्णय असतो. तो का घेतला हे गाइड विचारतील, आणि मौखिकीत बाहेरचे परीक्षकही.

तिसरी अडचण: इतिहास न वापरताही सुटतं

३.२ किलोमीटरचा नियम आठवा. दाखवलेला बिंदू ४८.०००' आहे, म्हणजे खरी जागा साधारण ४६.३' ते ४९.७' च्या मध्येच असणार. मग 'अ' म्हणजे ६, ७, ८, ९ यांपैकीच एक. बाकीचं उपग्रह-नकाशा बघून भागतं: डबा लपवण्याजोगी झाडं, बांध, पडकी भिंत किती असणार? हुशार खेळाडू जागा आधी ओळखतो आणि सनं मागाहून जुळवतो.

संशोधनात याचा भाऊ म्हणजे अपेक्षित उत्तर ओळखणारा प्रतिसादक. त्याला तुमचं गृहीतक वासावरून कळतं. तुमची आकडेवारी सुंदर येते आणि तिच्यात तुम्ही शोधत होता ती गोष्ट नसते.

मग असली कोडी बनवूच नयेत का?

असं मी म्हणणार नाही. या खेळाची एक बाजू खरोखर चांगली आहे: तो माणसाला घराबाहेर काढून एका नेमक्या जागी उभं करतो. आपले कितीतरी शोधप्रबंध ज्या गावाबद्दल आहेत त्या गावात एकदाही न जाता पूर्ण होतात. म्हणून दोष खेळाचा नाही. देशाच्या इतिहासाची एक यादी घेऊन ती कुठल्याही गावावर चिकटवता येते, या समजाचा दोष आहे. त्या यादीत आष्टी नावाला येते, गाव म्हणून येत नाही.

एका प्रश्नात हे दुरुस्त करता येतं. अ, ब, क, ड सगळे काढून टाका आणि एवढंच विचारा:

'दिल्लीत तिरंगा फडकला तिथपासून या गावाचं संस्थान शरण येईपर्यंत किती दिवस गेले?'

१५ ऑगस्ट १९४७ ते १५ ऑगस्ट १९४८ हे ३६६ दिवस, कारण १९४८ लीप वर्ष. पुढे १७ सप्टेंबरपर्यंत ३३. एकूण ३९९. अक्षांश: ४८.३९९'.

आता तपासून बघा. पाठ केलेलं १९४७ इथे चालत नाही. 'हे गाव' म्हणजे कोणती आष्टी आणि ती तेव्हा कुणाच्या राज्यात होती, हे शोधावंच लागतं. मोहोळची किंवा वर्ध्याची आष्टी धरली तर प्रश्नच लागू पडत नाही, म्हणजे चूक लगेच दिसते. लीप वर्ष विसरून ३९८ आलं, किंवा दोन्ही टोकं मोजून ४०० आलं, तर फरक दोन मीटरच्या आत. तेवढा तर मोबाइलचा जीपीएसही चुकतो. मोजणीची किरकोळ चूक माफ होते आणि समजुतीची होत नाही. चांगल्या साधनाकडून आपण हेच मागतो.

शंका घ्यायला इथेही जागा आहे. पोलीस कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली, निजामानं माघार १७ला जाहीर केली, औपचारिक शरणागती १८ला झाली. मग 'शरण' म्हणजे कोणता दिवस? मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ला पाळला जातो, म्हणून मी १७ धरला आणि तसं इथे लिहून ठेवलं. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. पेपरात तिची व्याख्या पाठ करून लिहिता येईल, पण प्रबंधात ती अशीच करून दाखवावी लागते.

तुमच्या आराखड्यात प्रश्नावली असेल तर आज तिच्यातला कुठलाही एक प्रश्न घ्या आणि त्याला तीन गोष्टी विचारा. चुकीची समज असलेला माणूस याचं 'बरोबर' उत्तर देऊ शकतो का? उत्तर चुकलं तर निष्कर्ष किती सरकतो, आणि तेवढा सरकावा असं मी ठरवलं होतं का? आणि हा प्रश्न जसाच्या तसा दुसऱ्या गावात विचारला तर काही बिघडेल का? तिसऱ्याचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं आणि तुमच्या शीर्षकात मात्र गावाचं नाव असेल, तर आराखडा सादर करण्याआधी एकदा त्या गावाला जाऊन या. आष्टीला आता नगरहून रेल्वेही येते, २३ सप्टेंबर २०२२पासून.