तेरजेपासून सुरू होणारे लेखाकर्म : नागपुरातील वाणिज्य पदवीची एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात लेखाकर्म हा विषय पायाभूत मानला जातो. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली. पुढे शिक्षा मंडळाच्या वतीने १९४० मध्ये वर्धा येथे आणि १९४५ मध्ये नागपूर येथे गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाची वाणिज्य महाविद्यालये सुरू झाली. तेव्हापासून विदर्भातील अनेक पिढ्या ही पदवी घेऊन बाहेर पडल्या आहेत. ‘बी.कॉम. झाल्यावर पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर सहसा परीक्षांच्या आणि पदांच्या यादीने दिले जाते. प्रस्तुत लेखात त्याआधीचा प्रश्न विचारात घेतला आहे. पदवीच्या वर्गात शिकविले जाणारे लेखाकर्म प्रत्यक्ष कामाच्या कोणत्या टप्प्यापासून सुरू होते?

प्रश्नपत्रिकेतील गृहीतक

अंतिम लेख्यांच्या प्रश्नाची मांडणी सर्वपरिचित आहे. वर तेरीज दिलेली असते, खाली पाच-सहा समायोजना असतात आणि विद्यार्थ्याने नफा-तोटा पत्रक व ताळेबंद तयार करावयाचा असतो. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की उत्तर बरोबर, अशी त्याची धारणा होते. या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे : नोंदी योग्य खात्यात आधीच झालेल्या आहेत.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, कळमना बाजारातील एखाद्या संत्रा व्यापाऱ्याने आपल्या ट्रकचे इंजिन बदलले. गॅरेजचे बिल हाती आले. हा खर्च महसुली दुरुस्ती समजावा की ट्रकचे आयुष्य वाढल्यामुळे भांडवली मानून त्यावर घसारा आकारावा? लेखापालाचे खरे काम येथे आहे. प्रश्नपत्रिकेतील तेरजेत मात्र ‘दुरुस्ती खर्च’ अशी ओळ तयारच असते. निर्णय दुसऱ्या कोणी तरी घेतलेला असतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या निर्णयानंतरचे अंकगणित येते. रोजकीर्दीचे प्रश्न असतात हे खरे. परंतु त्यातही व्यवहार नेमक्या वाक्यात सोपा करून सांगितलेला असतो. प्रमाणक, चलन, बँकेचा उतारा यांपैकी काहीही समोर येत नाही.

या उणिवेचे गांभीर्य समजण्यासाठी सत्यम कंपनीचे प्रकरण आठवावे. जानेवारी २००९ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी पत्राद्वारे कबूल केले, की पुस्तकांत दाखविलेल्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ताळेबंद जुळत होता. त्यामागचा कागद खरा आहे काय, हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. जुळलेली बेरीज म्हणजेच सत्य, ही सवय जेथे लावली जाते तेथे हा प्रश्न सुचणे कठीण असते.

पदवी आणि उमेदवारी यांची फारकत

ही फारकत जुनी आहे. १९१८ मध्ये मुंबईत शासकीय लेखाकर्म पदविका सुरू झाली, तेव्हाही परीक्षेबरोबर मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी आवश्यक होती. सनदी लेखापाल अधिनियम १९४९ मध्ये झाला आणि लेखापरीक्षणाचा व्यावसायिक अधिकार विद्यापीठाबाहेरील संस्थेकडे स्थिरावला. आज त्या अभ्यासक्रमातील उमेदवारी, म्हणजेच आर्टिकलशिप, २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. तात्पर्य, कागद वाचण्याचे शिक्षण पदवीत नाही; ते सनदी लेखापालाच्या कार्यालयात मिळते. ज्यांना तेथवर पोहोचता येत नाही, त्यांची पदवी अर्धी राहते.

भाषेची दारे

तेथवर कोण पोहोचतो, याचा भाषेशी निकट संबंध आहे. नागपुरात बी.कॉम.ची परीक्षा मराठीतून देता येते. सनदी लेखापाल परीक्षेसाठी मात्र इंग्रजी किंवा हिंदी हेच पर्याय आहेत. कीर्द, खतावणी, तेरीज, जमा, नावे हे शब्द आपल्या व्यवहारात रुळलेले असूनही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर तोच विषय परक्या परिभाषेत पुन्हा शिकावा लागतो.

याउलट सहकार क्षेत्रातील स्थिती लक्षणीय आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकाला मराठीचे कामचलाऊ ज्ञान आवश्यक आहे. ही अट सनदी लेखापालालाही लागू आहे. पदवी, सहकार व लेखाकर्म पदविका म्हणजे जी.डी.सी. अँड ए. आणि विहित अनुभव यांच्या बळावर प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. येथे मराठी ही पात्रता ठरते. तरीही पदवीच्या वर्गात या मार्गाचा उल्लेख क्वचितच होतो.

नागपुरात संधींची वानवा आहे, असेही म्हणता येत नाही. महालेखापालांचे कार्यालय, आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ, भारतीय महसूल सेवेच्या अधिकाऱ्यांना घडविणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी, वेस्टर्न कोलफिल्ड्स व मॉईल यांची मुख्यालये या शहरात आहेत. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेचे दारही पदवीधराला खुले आहे. संस्था शहरात आहेत. त्यांच्या कामाचा कागद वर्गात नाही.

आक्षेपांचा विचार

विद्यापीठाने तत्त्वे शिकवावीत, कारकुनी नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. परंतु भांडवली आणि महसुली खर्चातील भेद हे तत्त्वच आहे आणि ते कागदावर पारखल्याशिवाय अंगी बाणत नाही. दुसरा आक्षेप संगणकाचा. टॅलीसारख्या प्रणाली खतावणी व तेरीज आपोआप तयार करतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून विवरणपत्रेही संगणकावरच भरली जातात. यातून उलटाच निष्कर्ष निघतो. जे काम यंत्राने घेतले त्याचीच आपण तीन तासांत परीक्षा घेतो आणि जे माणसाकडे उरले ते अभ्यासक्रमाबाहेर ठेवतो.

समारोप

यावर उपाय खर्चिक नाहीत. अंतिम लेख्यांच्या प्रश्नात तेरजेऐवजी दहा-बारा प्रमाणके द्यावीत आणि खाते निवडण्यामागील कारण लिहिण्यास गुण ठेवावेत. परिभाषा मराठी व इंग्रजी अशी जोडीने शिकवावी. अंतिम वर्षात जवळच्या पतसंस्थेच्या दप्तराचा अभ्यास प्रकल्प म्हणून स्वीकारावा. या बदलांनी प्रत्येक पदवीधर सनदी लेखापाल होणार नाही. परंतु ज्याच्या घरी कोणी या व्यवसायात नाही, ज्याला शहरातील फर्मची ओळख नाही, अशा विद्यार्थ्याच्या हाती पदवीबरोबर कागद वाचण्याची दृष्टी येईल. ती दृष्टी केवळ ओळखीने उमेदवारी मिळविणाऱ्यांपुरती राहणे, हे सार्वजनिक विद्यापीठाच्या हेतूशी विसंगत आहे.