सुटलेली चप्पल

माहूरच्या रेणुकेचं नुसतं मुख पाहून हात जोडणाऱ्या आम्हा नांदेडकरांना देवीच्या नजरेला नजर देण्याची सवय असते. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमधलं निरंतर साहाय्य मातेचं, म्हणजे मरियेचं, चित्रही आधी नजरेनंच धरतं. कडेवरचं लेकरू भ्यालं आहे आणि आई बघते आहे आपल्याकडे!

लेकराच्या भीतीचं कारण वर आहे. एका बाजूला देवदूत गाब्रिएल क्रूस आणि खिळे घेऊन, दुसऱ्या बाजूला मिखाएल भाला आणि आंबेचं, म्हणजे आंबट द्राक्षारसाचं, भांडं धरून. बाळ येशूनं मान वळवून पुढचं मरण पाहिलंय. उजव्या पायातली चप्पल सुटून बंदावर लोंबते आहे. या चपलेचे पुष्कळ गूढार्थ लावले जातात. मला मात्र धावत येऊन आईला बिलगलेलं पोरच दिसतं. सोनेरी पार्श्वभूमीच्या, शिस्तीत बसवलेल्या या चित्रात तेवढंच काय ते विस्कटलेलं आहे.

आता हात बघा. बाळानं दोन्ही हातांनी आईचा उजवा हात घट्ट धरलाय, पण तिची बोटं मिटलेली नाहीत. तिनं हात दिलाय, क्रूस अडवलेला नाही. म्हणून तिच्या डोळ्यांतलं दुःख मला खरं वाटतं. काही छापील प्रतींत या मायलेकरांना मुकुट चढवतात, तो मला खटकतो.

बायझंटाईन वळणाचं मूळ चित्र लाकडी फळीवरचं, जेमतेम पावणेदोन फूट उंचीचं. एका व्यापाऱ्यानं ते क्रीट बेटावरून चोरून आणलं आणि १४९९मध्ये ते रोमच्या सेंट मॅथ्यू चर्चमध्ये आलं, अशी परंपरा आहे. फ्रेंच अमलात ते चर्च पाडलं गेलं, चित्र अडगळीत पडलं. पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट संघाकडे सोपवलं आणि १८६६मध्ये ते रोमच्याच सेंट आल्फोन्सस चर्चमध्ये पुन्हा दर्शनाला लागलं.

माहीमला या मातेची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, सुरू झाली ८ सप्टेंबर १९४८ रोजी, मरियेच्या जन्मदिनी. तो बुधवार होता. तेव्हापासून दर बुधवारी रीघ लागते, आणि तीत हिंदू-मुसलमानही असतात. नऊ बुधवारांचा नेम धरायचा, मेणबत्ती लावायची, मागणं चिठ्ठीत लिहायचं. नोकरी, घर, आजारपण, मूल. मागणी पुरी झाली की आभाराचं पत्रही येतं. ज्या आईनं स्वतःच्या लेकराचा क्रूस टाळला नाही, तिच्याकडे लोक खोलीचं भाडं मागतात, याचं मला आधी नवल वाटे. आता वाटत नाही. धरायला हात लागतो, तो तिनं पुढे केलेलाच आहे.