फुकटचा वेग : ओव्हरक्लॉकिंगची एक चिकित्सा

आजचा विषय वाचून एक-दोघांनी मला आधीच विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसानं प्रोसेसरच्या वाटेला कशाला जायचं? तर त्याचं उत्तर सोपं आहे. चिकित्सा म्हणजे काय? एखादा दावा घ्यायचा, तो कोणत्या प्रमाणावर उभा आहे ते बघायचं आणि त्यातून काय वगळलंय ते शोधायचं. ओव्हरक्लॉकिंगवर जे लिहिलं-बोललं जातं त्यात एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो : 'फुकटचा वेग'. आज मला त्यातल्या 'फुकट' या शब्दाची चौकशी करायची आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, हे आधी एका वाक्यात सांगतो. कंपनीनं प्रोसेसरला ठरवून दिलेल्या ठोक्यांपेक्षा, म्हणजे क्लॉकपेक्षा, त्याला जास्त वेगानं चालवायचं आणि त्यासाठी गरज पडली तर व्होल्टेजही वाढवायचं. बस, एवढंच.

आता न्याय करायचा तर प्रतिपक्षाची बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडली पाहिजे. ते उदाहरण १९९८ सालचं आहे. इंटेलनं सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा गुणक साडेचारला पक्का केलेला होता आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून एकूण ३०० मेगाहर्ट्झ. लोकांनी काय केलं, तर मदरबोर्डवर बस १०० ला नेली. साडेचार गुणिले शंभर, ४५०. दीडपट वेग! आणि यातल्या बऱ्याच चिप व्होल्टेज न वाढवता तिथे व्यवस्थित चालत होत्या. त्याच वेळी ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू बाजारात कित्येक पट महाग होता. या प्रसंगात 'फुकट' हा शब्द जवळजवळ खरा आहे, हे मी मान्य करतो.

पण तो खरा का होता? कारण ती मर्यादा दुकानदाराची होती. सिलिकॉनमध्ये दम होता. स्वस्त माल स्वस्त दिसावा म्हणून त्याला कमी वेगाचा शिक्का मारला होता. इथे मर्यादेचे दोन प्रकार वेगळे करा. एक व्यापाराची मर्यादा आणि दुसरी निसर्गाची मर्यादा. पहिली ओलांडली तर किंमत विक्रेत्याच्या खिशातून जाते. दुसरी ओलांडली तर ती तुमच्याकडूनच वसूल होते, फक्त वेगळ्या चलनात. माझा आजचा मुख्य मुद्दा हा, की पहिल्या मर्यादेच्या काळात घडलेला शब्द आपण दुसऱ्या मर्यादेच्या काळात तसाच वापरतो आहोत.

ते चलन कोणतं, ते बघू. चिप चालताना जी वीज खर्च होते, ती ढोबळमानानं वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वर्ग, बरं का! समजा वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं. मग हिशोब होतो १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. काम फार तर १० टक्के जास्त, वीज ३३ टक्के जास्त. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. आता हाच हिशोब उलटा करा. दोन्ही १० टक्के कमी केले तर वीज २७ टक्क्यांनी घटते. हे सूत्र दोन्ही दिशांना चालतं, पण जाहिरातीत एकाच दिशेनं वाचलं जातं.

पुढचा गैरसमज 'कूलर' या शब्दातच आहे. कूलर उष्णता नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतो. चिपमधून धातूच्या झाकणात, तिथून थर्मल पेस्टमधून तांब्यात, नळ्यांमधून पात्यांत, पात्यांवरून हवेत आणि हवेतून तुमच्या खोलीत. पाण्याचा कूलर लावला तरी शेवटचं स्टेशन तेच. पाण्यामुळे अचानक आलेला चढ थोडा सौम्य होतो, पण उष्णता तेवढीच. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे २५० वॉट ओढणारा प्रोसेसर चालू केला, की खोलीत अडीच माणसं जास्त येऊन बसली. [हशा] पोलंडमध्ये जानेवारीत ती पाहुणे मंडळी हवीशी वाटतील. नागपुरात मे महिन्यात? आणि कूलर काय करतो, तर चिपचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंशांनी वर ठेवतो. खोलीच १५ अंशांनी तापली तर चिपही साधारण तेवढीच वर जाते. त्यामुळे २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत घेतलेला आकडा वाचताना आपल्या खोलीतला फरक त्यात मिळवूनच वाचावा.

आता आवाज. परीक्षणांमध्ये वेगाचे तक्ते आधी येतात आणि आवाज शेवटच्या कोपऱ्यात, असला तर. माझ्या मते ही क्रमवारीच सदोष आहे. पंख्याचे फेरे दुप्पट केले तर हवा दुप्पट येते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं वाढतो. कानाला १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते, म्हणजे १५ ची जवळजवळ तिप्पट. याउलट तोच पंखा त्याच वेगानं शेजारी आणखी एक लावला तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. म्हणून मोठे, सावकाश फिरणारे दोन पंखे हे एका किंचाळणाऱ्या छोट्या पंख्यापेक्षा शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट, एकसारखा आवाज मन विसरून जातं, चढउतार होणारा विसरत नाही. आजची चिप लहान आहे. एएमडीच्या झेन ४ पिढीत आठ कोअरचा तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा. इतक्या छोट्या जागेत उष्णता उसळली, की तापमान क्षणात वीस अंश वर जातं आणि क्षणात खाली येतं. पंखा त्याच्या मागे धावला तर तो दिवसभर सुस्कारे टाकत बसतो. माझा नातू पलीकडच्या खोलीत व्हिडिओ एडिट करतो, आणि त्यानं फाइल उघडली की बंद केली, हे मला भिंतीआडून कळतं! यावर उपाय बायोसमध्ये असतो : पंख्यानं लगेच प्रतिसाद न देता काही सेकंद थांबावं, आणि वेगाची चढण हळू ठेवावी. पैसा लागत नाही. 'फुकट' हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापरा.

आता ज्ञानमीमांसेकडे येतो, कारण सगळ्यांत गंभीर प्रश्न तिथे आहे. ओव्हरक्लॉक करणारे म्हणतात, "माझी मशीन स्टेबल आहे." हे तुम्हाला कसं कळलं? "प्राइम ९५ चोवीस तास चालवलं, चूक आली नाही." पॉपर असता तर म्हणाला असता, तुमचं विधान अजून खोटं ठरलेलं नाही, एवढंच सिद्ध झालं. पण मला न्यायशास्त्राची भाषा इथे जास्त उपयोगी वाटते. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती टिकते. जिथे अग्नी तिथे धूर, ही टिकत नाही. का? कारण ओलं इंधन ही उपाधी त्यात लपलेली आहे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. 'चाचणी पास, म्हणून मशीन स्थिर' या अनुमानातही अशाच उपाध्या लपलेल्या आहेत : त्या दिवशीचं खोलीचं तापमान, तो विशिष्ट प्रोग्राम आणि चिपचं वय. मशीन बंद पडली तर निदान कळतं तरी. खरी भीती न बंद पडता चुकलेल्या बिटाची आहे. फोटोच्या साठ्यात, हिशोबाच्या फाइलमध्ये एक चूक शिरते आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

वय ही उपाधी काय करू शकते, हे २०२४ साली जगानं पाहिलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर, त्यातही १३९००के आणि १४९००के, काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागले. १४९००के वर ६ गिगाहर्ट्झचा आकडा झळकत होता, आणि अनेक मदरबोर्ड विजेच्या मर्यादा मूळ सेटिंगमध्येच सैल सोडत होते. कंपनीनं कारण दिलं ते असं, की चढ्या व्होल्टेजनं आणि तापमानानं आतल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होते. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण एकदा झिजलेली चिप दुरुस्तीनं पूर्ववत होत नाही. लक्षात घ्या, यातल्या अनेकांनी स्वतः काहीही ओव्हरक्लॉक केलेलं नव्हतं. तक्त्यात पहिलं येण्यासाठी ते काम कारखान्यातच उरकलं होतं. सेलेरॉनच्या वेळी चिपमध्ये शिल्लक होती आणि ती गिऱ्हाइकाला मिळाली. इथे ती शिल्लक विकण्याआधीच खर्चून झाली होती.

मग हा छंद टाकाऊ आहे का? मुळीच नाही. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांचा मी खेळाडू म्हणून आदर करतो. फक्त शंभर मीटर धावण्याच्या विक्रमावरून आपण रोज स्टेशनला कसं जायचं हे ठरवत नाही. आणि आपली वस्तू उघडून तिच्या मर्यादा स्वतः तपासायच्या, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. शिक्का मारणाऱ्यावर विसंबून न राहणं हाच चिकित्सेचा पाया आहे. माझा आक्षेप एकाच आकड्याच्या राज्याला आहे.

तेव्हा परीक्षण वाचताना तीन प्रश्न विचारा. वेग किती मिळाला? त्यासाठी किती वॉट आणि किती अंश खर्चले? आणि शेजारी बसलेल्या माणसाला काय ऐकू आलं? तिन्ही उत्तरं नसतील तर ते परीक्षण अपुरं आहे. स्वतःच्या मशीनवर प्रयोग करायचा असेल तर आधी खालच्या दिशेनं करून पाहा : विजेची मर्यादा थोडी उतरवा आणि तुमचं रोजचं काम घड्याळ लावून मोजा. व्होल्टेज हातानं कमी केलंत तर मात्र स्थिरतेचा प्रश्न तिथेही तोच, तेव्हा चाचणी घ्या आणि उन्हाळ्यात पुन्हा घ्या. बहुतेकांना असं आढळेल, की कामाला लागणारा वेळ थोडासाच वाढला आणि खोली कितीतरी शांत झाली. त्या शांततेत वाचता येतं, लिहिता येतं, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला झोपता येतं. ज्यासाठी संगणक घेतला त्यात हेही येतं की नाही, याचं उत्तर कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही. ते ज्याचं त्यानं द्यायचं आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.