‘नॅचरल अर्थ’ नकाशासंग्रह : परीक्षण

इतिहासविषयक लेखास नकाशा जोडावयाचा तर पूर्वीं परवानगी तरी मिळवावी लागे, नाहीं तर जुन्या नकाशावर पातळ कागद ठेवून तो हातानें गिरवावा लागे. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘नॅचरल अर्थ’ या संग्रहानें ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. टॉम पॅटर्सन व नॅथॅनिएल व्हॉन केल्सो यांच्या पुढाकारानें व स्वयंसेवकांच्या श्रमानें सिद्ध झालेला हा डिजिटल संग्रह कोणासही विनामूल्य वापरतां व बदलतां येतो. ऋणनिर्देशाचेंही बंधन नाहीं. या औदार्याबद्दल आम्हांस आदरच आहे.

तथापि त्याच्या वापरांत तीन दोष संभवतात. पहिला प्रमाणाचा. यांतील सीमा, नद्या व किनारे अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंनीं, म्हणजे व्हेक्टर पद्धतीनें, साठविलेले आहेत. त्यामुळें नकाशा कितीही वाढविला तरी रेषा खरबरीत होत नाहीं, आणि स्वच्छ रेषा म्हणजे बिनचूक रेषा असा भ्रम होतो. संग्रहाचें सर्वांत मोठें प्रमाण १ : १,००,००,००० आहे, एक मिलिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. पुणें व सिंहगड यांमधील सरळ अंतर त्यावर दोन-अडीच मिलिमीटर भरेल. एवढ्या आधारावर मोहिमेंतील घाट व नद्यांचे उतार दाखविणें म्हणजे बखरींतील एका वाक्यावरून शकावली रचण्यासारखें आहे.

दुसरा दोष काळाचा. असे संग्रह आजची भूमि दाखवितात. कोयनेचें धरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें. त्याचा जलाशय न पुसतां शिवकालीन जावळीचा नकाशा छापला, तर त्या काळीं नसलेलें पाणी वाचकाच्या मनांत कायमचें राहतें.

तिसरा दोष प्रतीचा. २००१ सालीं मानक ठरलेला एसव्हीजी हा प्रकार छपाईस उत्तम. परंतु त्यांत बहुधा कागदावरील स्थानें राहतात व अक्षांश-रेखांश गळतात. म्हणून मूळ शेपफाइल अथवा जिओजेसन प्रत जपावी, आणि एसव्हीजी ही तिची नक्कल समजावी.

ऋणनिर्देशाची माफी संग्राहकांनीं दिली आहे, इतिहासशास्त्रानें नव्हे. संग्रहाचें नांव, आवृत्ति, प्रमाण, प्रक्षेपण व स्वतः केलेले फेरफार नोंदविल्यावांचून कोणीही नकाशा पुराव्यादाखल पुढें करूं नये. प्रत्येक पत्राची मिति व ठिकाण तपासणाऱ्या आम्हीं नकाशासच तेवढी सूट कां द्यावी?