जलरंगातील समुद्र व मेहरूणचा काठ

समुद्राच्या जलरंगचित्राविषयी लिहिताना समीक्षा बहुधा दोन विशेषणांपाशी थांबते. चित्र ‘मनोहर’ आहे असे ती म्हणते, किंवा ते ‘हुबेहूब’ आहे असे म्हणते. पहिले विशेषण प्रेक्षकाच्या सुखाविषयी बोलते, दुसरे विषयाशी असलेल्या साम्याविषयी. रंगाचे प्रत्यक्ष काय झाले, याविषयी मात्र दोन्ही मौन पाळतात. ही उणीव समुद्राकाठच्या चित्रकाराला कदाचित फारशी जाणवणार नाही, कारण त्याच्या रंगाची परीक्षा समोरचे पाणी रोज घेत असते. जळगावसारख्या गावी, मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे 420 किलोमीटर आत, मेहरूण तलावाच्या बांधावर कागद घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती निराळी आहे. त्याला समुद्र प्रथम भेटतो तो छापील चित्रांत, आणि तो तेथे जवळजवळ नेहमी निळा असतो. अशा विद्यार्थ्याने समुद्र रंगवावा काय, आणि रंगविला तर त्याची परीक्षा कोणत्या निकषाने करावी, हा प्रश्न वरवर शालेय वाटला तरी त्याच्या मुळाशी रंगाच्या स्वरूपाविषयीचाच प्रश्न आहे.

प्रथम ‘निळा समुद्र’ या गृहीताचा विचार करणे आवश्यक आहे. 1921 साली इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जहाजावरून समुद्राचे निरीक्षण केले आणि त्याचा निळेपणा हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, ही तोवरची समजूत अपुरी ठरविली. परावर्तित प्रकाश वगळल्यावरही पाण्याची निळाई उरते, हे त्यांनी दाखविले व त्याचे कारण पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणात शोधले. पाणी तांबड्या प्रकाशाचे अधिक शोषण करते, ही गोष्ट आज त्याहून महत्त्वाची मानली जाते. परंतु हे विवेचन खोल व स्वच्छ पाण्याला लागू पडते. मुंबईपासून खंबायतच्या आखातापर्यंतचा किनारा तसा नाही. तेथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर मोठे आहे, किनाऱ्याजवळचे पाणी उथळ आहे आणि नद्यांनी आणलेला गाळ सतत ढवळला जातो. म्हणून तेथील समुद्र वर्षातील बराच काळ करडा, मातकट अथवा हिरवट दिसतो, व पावसाळ्यात तर त्याचा वर्ण आकाशापेक्षा जमिनीच्या अधिक जवळ जातो.

या मातकट वर्णात खानदेशचा स्वतःचा वाटा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मेहरूणचा परिसर तापीच्या खोऱ्यात मोडतो. सुमारे 724 किलोमीटर वाहून सुरतेच्या पलीकडे समुद्राला मिळणाऱ्या या नदीने खानदेशची काळी माती शतकानुशतके आपल्याबरोबर नेली. 1972 साली उकाईचे धरण पुरे झाल्यापासून त्या गाळाचा मोठा भाग जलाशयातच अडतो. तथापि त्या किनाऱ्याचा चिखल ज्या मातीपासून झाला, तीत सातपुडा व सह्याद्री यांच्या मधल्या या मुलखाची माती मिसळलेली आहेच. पहिल्या पावसानंतर मेहरूणच्या तलावात उतरणारे गढूळ पाणी ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला त्या समुद्राच्या रंगाचे एक मूलद्रव्य घरीच ठाऊक झालेले असते. छापील चित्रातून तो जी निळाई उसनी घेतो ती दुसऱ्याच किनाऱ्याची असते.

रंग स्थानिक व रंग परका, हा भेद खानदेशच्या सीमेवर फार प्राचीन आहे. जळगावहून सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना व काजळी ही द्रव्ये वापरली. त्यांतील बहुतेक दख्खनच्या भूमीतच मिळणारी. निळ्यासाठी मात्र त्यांनी लाजवर्द वापरला, आणि तो आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या बाजूने यावा लागे. त्याच लेण्यांत समुद्रही आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण अवदानातील संकटात सापडलेले जहाज चित्रित आहे; सतराव्या लेण्यात सिंहलाच्या सागरप्रवासाची कथा आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या आतल्या दरीत बसून हा समुद्र रंगविला गेला. ही चित्रे आजच्या अर्थाने जलरंगातील नव्हेत. मातीच्या कोरड्या लेपावर बंधकद्रव्य मिसळलेल्या अपारदर्शक रंगांनी ती काढलेली आहेत. तरीही त्यांच्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आतल्या मुलखाने समुद्र रंगविणे यात अप्रामाणिक असे काही नाही. त्या चित्रकारांनी समुद्र डोळ्यांसमोर असल्याचा आव आणला नाही. कथेला हवे तेवढेच पाणी त्यांनी आपल्या रीतीने उभे केले.

छापील समुद्राची नक्कल येथे वेगळी पडते, व तिचा दोष नेमका सांगण्यासाठी समीक्षेला सिद्धान्ताचा आधार घ्यावा लागतो. असा आधार मराठीत ज्यांनी सर्वांत निग्रहाने दिला, ते बाळ सीताराम मर्ढेकर (1909–1956) खानदेशातील फैजपूरचेच. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की कलेचे द्रव्य म्हणजे संवेदना, आणि त्या संवेदनांची संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनुसार झालेली लयबद्ध रचना म्हणजे सौंदर्य. चित्रापुरते पाहिल्यास विषयाला, मग तो समुद्र असो की तलाव, स्वतंत्र सौंदर्यमूल्य उरत नाही. मूल्य असते ते रंग व रेषा यांच्या परस्परसंबंधांना.

समुद्रचित्राच्या समीक्षेला या भूमिकेने मोठी शिस्त लागते. समुद्र ‘निळा आहे की नाही’ हा प्रश्नच ती बाजूला सारते. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून मिळणारा करडा वर्ण ओल्या वाळूच्या पिवळसर पट्ट्याशेजारी ठेवला की निळा भासू लागतो. तोच वर्ण शुद्ध निळ्या आकाशाखाली ठेवला की तपकिरी दिसतो. रंगाचे नाव नळीवर असते, त्याचे कार्य मात्र शेजारी ठरविते. नवशिक्याच्या समुद्रात आकाश, पाणी व छाया ही तिन्ही प्रशियन ब्लूने रंगविलेली असतात. तेथे संवाद अतिरेकाला जातो आणि विरोधाला जागाच उरत नाही. फेसाचा पांढरा हा तर संबंधाचा सर्वांत मोठा धडा होय. पारदर्शक जलरंगात पांढरा लावावयाचा नसतो, राखावयाचा असतो. भोवतालचे पाणी पुरेसे गडद असेल तरच तो कोरा कागद फेस ठरतो. नाहीतर तो अपुरे राहिलेले काम दिसतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या विख्यात जलरंगचित्रात समुद्र नाही, समई हाती घेतलेली स्त्री आहे. तरी तिच्या बोटांतून झिरपणाऱ्या प्रकाशाचे सामर्थ्य याच नियमाने आले आहे. त्या प्रकाशाला तेज देते ती भोवतालची काळजीपूर्वक बांधलेली छाया.

येथपर्यंत मर्ढेकरांचे तत्त्व समीक्षकाचा हात धरून चालते. पुढे मात्र ते अपुरे पडते. संबंध सिद्ध झाल्यानंतर ते कसे पाहावेत, हे हा सिद्धान्त सांगतो. जलरंगात ते संबंध कागदावर सिद्ध कसे होतात, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. आणि या माध्यमात तो प्रश्न गौण नाही. तैलरंगात चित्रकार एखादा वर्ण दुसऱ्या दिवशी झाकू शकतो. जलरंगात वर्णांचा संबंध पाणी सुकण्याच्या अवधीत ठरतो, व एकदा ठरल्यावर बहुधा बदलत नाही. ओल्या कागदावर ओला रंग सोडला तर दोहोंची सीमा विरघळते आणि क्षितिजावरचा धुरकटपणा मिळतो. अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी उशिरा पडले तर रंगद्रव्य कडेला ढकलले जाऊन वेडावाकडा डाग उमटतो. पूर्ण सुकल्यावर दुसरा थर दिला तर कडा तीक्ष्ण होते. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात. प्रशियन ब्लू कागदात मुरतो व धुऊन निघत नाही. शिवाय ओला असताना जो रंग गडद भासतो, तो सुकताच फिका पडतो. चित्रकाराला त्यामुळे समोर दिसणारा संबंध जुळवून भागत नाही. घटकाभराने दिसणार असलेला संबंध आधीच मनात धरावा लागतो.

हा अवधी हवेवर अवलंबून असतो, आणि येथे स्थळ पुन्हा चित्रात प्रवेश करते. कोकणच्या दमट हवेत कागद बराच वेळ ओला राहतो. आकाश व समुद्र एकमेकांत मिसळू देण्यास तेथे निसर्गच सवड देतो. मेहरूणच्या बांधावर वैशाखाच्या कोरड्या उन्हात तोच थर दुसऱ्या टोकाला पोहोचण्यापूर्वी पहिल्या टोकाला सुकू लागतो. म्हणून जळगावच्या विद्यार्थ्याने कोकणच्या चित्रातील मऊ क्षितिजाची नक्कल केली की बहुधा त्याच्या हाती कडक पट्टे येतात. त्याने ती निळाई अचूक मिसळलेली असते. चुकतो तो सुकण्याचा अवधी, आणि छापील चित्रात अवधी दिसत नाही. नकलेचा खरा दोष येथे आहे. परका रंग घेतला हा तिचा अपराध फार तर दुय्यम. मुख्य अपराध हा की, जी क्रिया आपल्या हवेत घडलीच नाही तिचे फलित ती उचलू पाहते.

यावर असा आक्षेप संभवतो की पहाटे काम करावे, कागद मागून भिजवावा, मोठा कुंचला घ्यावा, म्हणजे मेहरूणलाही कोकणाचा ओलावा साधता येईल. आक्षेप खरा आहे, परंतु तो वरील मताला बाधक न होता पोषकच ठरतो. हे उपाय ज्याला सुचतात त्याने आपल्या हवेचा अभ्यास केलेला असतो. आणि असा अभ्यास झालेला चित्रकार त्या कडक कडांचा त्यागच करील असेही नाही. रखरखीत उन्हात बांधाची छाया पाण्यावर जशी तुटक व धारदार पडते, तिच्यासाठी लवकर सुकणारा थर हे योग्य साधन आहे.

आपल्या जवळच्या पाण्यापाशी थांबण्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या कलेतिहासात आहे. अबालाल रहिमान (मृत्यू 1931) हे मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकले. त्यांना राजधानीत राहून व्यावसायिक प्रतिष्ठा मिळविता आली असती. ते कोल्हापूरला परतले, छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारी चित्रकार झाले, आणि कोटितीर्थाचा तलाव व पंचगंगेचा परिसर यांकडे पुनःपुन्हा वळत राहिले. 1922 साली महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिची सत्यता काहीही असो. एका लहान जलाशयाने एका मोठ्या चित्रकाराला आयुष्यभर विषय पुरविला, यात शंका नाही. विषयाचा विस्तार आणि चित्राची योग्यता यांचे प्रमाण ठरलेले नसते, हे मर्ढेकरांचे म्हणणे येथे व्यवहारात सिद्ध झालेले दिसते. आणि त्याच वेळी, एकाच पाण्याचा सहवास लाभल्याखेरीज रंगाची जाण पक्व होत नाही, ही मर्ढेकरांनी न सांगितलेली बाजूही.

यावरून समीक्षेने आपले प्रश्न बदलावेत असे सुचते. समुद्रचित्रापुढे उभे राहून पाणी निळे आहे काय, हे विचारण्याऐवजी सर्वांत गडद व सर्वांत उजळ जागांतील अंतर कोठे खर्च झाले आहे, राखलेला पांढरा कशाच्या आधारे उभा आहे, आणि कोणती कडा ओली असताना सोडली व कोणती सुकल्यावर घातली, हे तिने पाहावे. पहिले दोन प्रश्न संबंधांचे आहेत, तिसरा अवधीचा; तिन्हींची उत्तरे प्रत्यक्ष कागदावर तपासता येतात, व ती देण्यासाठी समीक्षकानेही समुद्राकाठी राहिलेले असण्याची अट नाही.

मेहरूणच्या विद्यार्थ्याला समुद्र वर्ज्य नाही. मात्र त्याने तो तलावाच्या वाटेने गाठावा. भाद्रपदातील गढूळ पाणी, माघातील फिकट सकाळ आणि वैशाखातील आटत्या काठाची तडकलेली माती या तीन अवस्था ज्याने एकाच जागेवरून, एकाच मर्यादित रंगपेटीने रंगविल्या, तो पुढे केव्हा तरी डुमसच्या अथवा मुंबईच्या किनाऱ्यावर उभा राहील तेव्हा त्याला निळ्याची नळी प्रथम उघडण्याची गरज भासणार नाही. आपल्या मातीचा रंग समोरच्या लाटेत कितपत मिसळला आहे, हे तो आधी पाहील, आणि मग या दमट हवेत कागद किती वेळ ओला राहतो, याचा अंदाज घेईल.